उघडं पाणी

गोजरबाईला काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलं तर ती जाऊन शोधून आणायची. मेथी दाट उगवली की "अवो, साऱ्याइचीच उगवली असंन, आता कोन इचारते आपल्या जुडीले," आणि नाही उगवली तर मग बोलायलाच नको. नवरा अमडापूरच्या बाजाराहून यायला जरा उशीर झाला, की हिनं मनातल्या मनात बैलगाडी उलटवून, त्याचा पाय मोडून, त्याला चिखलीच्या दवाखान्यात नेऊनसुद्धा टाकलेलं असायचं. तो बिचारा तुळशीराम तंबाखू चोळत दारात उभा राहिला की ही त्याच्यावरच उखडायची, "कुठी होते इतका येळ?" तो म्हणायचा, "तू जिथं पोचवलं होतं तिथंच." आणि पाय धुवायला निघून जायचा.

सारी आळी तिला हसायची. हसा बाप्पा, हसायला काय जातं? जिच्या पोटात गोळा येतो तिलाच तो कळतो.

तिच्या घरात उघडं पाणी म्हणून दिसायचं नाही. रांजणावर लाकडाचं झाकण, हंड्यावर ताट, गडूवर वाटी. पाहुण्यानं अर्धा पिऊन खाली ठेवलेला पेलासुद्धा ती बशीनं झाकून टाकायची. हे सासूचं वळण, तसं त्या आळीत सगळ्याच बायांना असतं. पण गोजरबाईच्या झाकण्यामागं आणखी एक गोष्ट होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी तुळशीरामानं कपाशीवर मारायचं औषध अर्ध्या ड्रमात कालवलं आणि जेवायला बसला. ड्रम उघडा होता. भाकरी घेऊन येताना गोजरबाईनं तो पाहिला, झाकावा असं तिच्या मनातही आलं, पण डोक्यावर पाटी होती, हातात ताकाचा लोटा होता. म्हणाली, मागून झाकते. तेवढ्यात पवळ्या बैल दावं ओढून सुटला आणि त्यानं ड्रमात तोंड घातलं. दिवस मावळायच्या आत बैल गेला. तुळशीराम तिला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या दिवसापासून पाणी दिसलं की तिचा हात आधी झाकणाकडे जायचा.

त्यांचा मळा घराला लागूनच, नाल्याच्या काठावर होता. वांगी, मेथी, मिरची, उन्हाळ्यात गवार. विहीर नाल्याला इतकी लागून, की नाला वाहता झाला की विहिरीचं पाणी चढायचं आणि नाला आटला की उतरायचं. दुष्काळात गावच्या विहिरी कोरड्या पडल्या तेव्हा साऱ्या आळीनं हेच पाणी नेलं. म्हणजे नाल्यात जे येईल ते विहिरीत, आणि विहिरीत जे येईल ते आळीच्या पोटात. एवढं सरळ होतं ते.

आणि नाल्याच्या वरच्या अंगाला हिंमतरावानं कारखाना काढला. हिंमतराव मोठा शेतकरी, घरची जीपगाडी, शब्दाला वजन. कुठून कुठून ट्रकनं खडक यायचा. तो दळून पीठ करायचं, त्यात पाणी आणि एक पिवळं औषध घालायचं, खालून हवा सोडायची, की धातूचे कण फेसाला चिकटून वर येतात. फेस काढून घ्यायचा. उरलेलं पाणी मागच्या मोठ्या हौदात. त्या पाण्याला नासलेल्या कांद्याचा वास यायचा, असा की घास तोंडात फिरावा.

मागच्या पावसाळ्यात तो हौद थोडा पाझरला होता. थोडाच, बरं का. तर नाल्यातले मासे पोटं वर करून तरंगले, विहिरीच्या पाण्याला वास मारू लागला, आणि गोजरबाईची मेथी उभ्या उभ्या पिवळी पडली. गावानं जाऊन ट्रक अडवले. हिंमतराव हात जोडून म्हणाला, पुढल्या पावसाळ्याच्या आत बंदोबस्त करतो. आता हौद काठोकाठ भरला होता, मिरगाला फार दिवस उरले नव्हते, आणि बंदोबस्त कुठंच दिसत नव्हता.

त्या हौदापायी गोजरबाईचं अन्न तुटलं. सकाळी उठली की आधी विहिरीवर, ओंजळ भरून वास घ्यायची. तुळशीराम म्हणायचा, "अवं, हौद फुटला तर नाकाले आपसूक समजंन. तू काऊन डोकावून राह्यली?" ती पुन्हा वास घ्यायची.

अशात एके दिवशी माणिकराव सायकल ढकलत मळ्यात आला. हा कारखान्यातला केमिस्ट. मेहकरकडचा, नागपूरला शिकलेला, अंगानं काटकुळा. त्यानं काठावर उभं राहून आधी आभाळ पाहिलं, मग मोटरपंपाची विजेची लाईन पाहिली, आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या खळ्याची जागा पायजे मले. कारखान्यात सारी दगडाची धूळ उडते, इथं हवा साफ आहे, आन लाईनही आहे. हौदाचं पाणी साफ करायचा प्रयोग करून पाहतो."

"आमच्या मळ्यात? ते पानी?" गोजरबाई दोन पावलं मागं सरकली.

"सिमेंटचे उथळ वाफे बांधतो, त्यातून थेंब बाहेर जाणार नाही. आन प्रयोग जमला तर तुमच्या विहिरीचीच काळजी मिटते."

विहिरीचं नाव काढलं आणि बाई विरघळली. हो म्हणून बसली.

खळ्यात सिमेंटचे तीन उथळ वाफे बांधले. भाजीच्या वाफ्यासारखेच, म्हणून तीही त्यांना वाफेच म्हणायची. तळाशी पत्रे, त्यांच्यावर रंगात घालतात ती पांढरी भुकटी भट्टीत भाजून पक्की बसवलेली. समोर कोळशाच्या कांड्या. पंपाच्या खोपडीत, म्हणजे पंपावरच्या झोपडीत, एक खोकं, त्यातून वाफ्यांत तारा, आणि खोक्यावर एक बारीक लाल दिवा. दिवा पेटला म्हणजे वीज चालू. रोज सकाळी तुळशीरामानं गाडीत ड्रम घालून कालचं पाणी हौदात परत टाकायचं, ताजं आणायचं, वाफ्यांत ओतायचं. दिवसभर गोजरबाईनं लक्ष ठेवायचं. कारखान्याचा भोंगा झाला की माणिकराव येऊन तपासणार.

जाताना त्यानं बजावलं, "तारेले हात लावू नका. लहान लेकरं, ढोरं जवळ येऊ देऊ नका. बाकी काही करायचं नाही."

तपासायची रीत गोजरबाईला लगेच कळली, कारण त्यात मोरचूद होतं, आणि मोरचूद कोणत्या शेतकऱ्याच्या घरी नसतं? काचेच्या नळीत वाफ्यातलं पाणी घ्यायचं, वरून मोरचुदाच्या पाण्याचे थेंब सोडायचे. औषध शिल्लक असेल तर पिवळा गाळ धरतो. नसेल तर निळं राहतं.

पहिल्या संध्याकाळी पिवळं. दुसऱ्या संध्याकाळी पिवळं. आठवडा गेला, रोज पिवळं.

माणिकरावानं पत्रे बदलले. भुकटी पुन्हा भाजली. कांड्या जवळ आणल्या, लांब केल्या. रोज भोंगा झाला की तो धापा टाकत यायचा, नळी हातात घ्यायचा, आणि नळी पिवळी झाली की तिथंच बांधावर बसून राहायचा. गोजरबाई चहा आणून द्यायची. तो थंड होईपर्यंत हातात धरून ठेवायचा. तिला त्याची दया यायची, आणि त्याहून जास्त भीती वाटायची. या पोराला जमलं नाही तर आपली विहीर गेली, हे तिला पक्कं दिसत होतं.

एका संध्याकाळी तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "मावशी, उद्या मालक स्वतः येऊन राह्यले. म्हणतात, उद्या निळं दिसलं तर ठीक. नाही तर हौदाचं दार खोलतो. पाऊस पडल्यावर हौद आपोआप फुटण्यापेक्षा आधी थोडं थोडं नाल्यात सोडलेलं बरं, म्हणतात."

"आन आमची इहीर?" गोजरबाईनं विचारलं.

माणिकराव बांधावर टेकला.

तुळशीरामानं तेवढ्यात विचारलं, नुसतं बोलायचं म्हणून, "पन साहेब, ह्याच्यात नेमकं होते काय? मले तं काही समजलं नाही."

माणिकराव वैतागून म्हणाला, "अहो, ऊन आन वीज, दोन्ही मिळून काम करतात. त्या पांढऱ्या भुकटीवर ऊन पडलं की ती जागी होते, वीज तिले जागी ठेवते, आन मग ती पाण्यातलं औषध फोडून टाकते. नुसत्या विजेनं नाही होत. नुसत्या उन्हानं नाही होत. ह्या मे महिन्याच्या उन्हात तर दुपारपर्यंतच साफ व्हायला पायजे! कुठं चुकते, देव जाणे."

चुलीपाशी गोजरबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

कारण ती रोज वाफे झाकत होती, हो! तुळशीराम पाणी ओतून गेला की ती तुराट्या आडव्या टाकायची आणि वरून जुनं लुगडं पसरायची. तारेला हात लावला नाही, लेकरं येऊ दिली नाहीत, ढोरं येऊ दिली नाहीत. पण आभाळातून उतरणाऱ्या पाखरांना कोण सांगणार? साळुंक्या, चिमण्या, होले उन्हाळ्यात थेंबभर पाण्यासाठी जीव टाकतात. ते इथं चोच बुडवतील आणि पवळ्यासारखे पाय ताणतील. म्हणून झाकायचं. दिवस कलला, पाखरं झाडावर गेली, की लुगडं काढून घडी घालून ठेवायची. नेमका त्याच वेळी भोंगा व्हायचा. तुळशीरामानंही रोज पाहिलं होतं. पण पाणी झाकलेलं पाहिलं तर त्यात सांगण्यासारखं काय?

बोलावं की नाही? आता सांगितलं तर हा पोरगा काय म्हणेल? मालक काय म्हणेल? सारी आळी म्हणेल, गोजरबाईनं आपल्या हातानं विहीर बुडवली. आणि माणिकराव सायकलवर बसून निघूनही गेला. ती दारापर्यंत आली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम पाणी ओतून वळला, तेव्हा बायको डोक्यावर पदर घेऊन वाफ्यांच्या मधोमध उभी होती. एका हातात फुटका डबा, दुसऱ्या हातात काठी. जवारी निसवल्यावर माळ्यावर उभं राहून पाखरं राखतात, तशी.

"लुगडं कुठी हाय?" त्यानं विचारलं.

"आज लुगडं नाही. आज मीच."

"उन्हात मरशीन वं!"

"मरू द्या. तुमी सावलीत बसा, आन मले बोलू नका."

मग जे ऊन तापलं ते काय सांगावं. आपल्याकडचा मे, सावलीतला दगडसुद्धा हाताला चटका देतो. वाफ्यातून नासक्या कांद्याची वाफ उठत होती. गोजरबाईला दोनदा उमासे आले. पाखरू आलं की डबा वाजवायचा, हा हा हा करून ओरडायचं, आणि पुन्हा सरकायचं, कारण आपली सावलीसुद्धा वाफ्यावर पडायला नको. सावली सरकली की ती सरकायची. सारा दिवस बाई स्वतःच्या सावलीला घाबरून फिरत राहिली.

पश्चिमेकडून एक ढग आला. तिनं त्याला अशा शिव्या दिल्या की तुळशीराम खोपडीतून डोकं काढून पाहायला लागला. ढग गेला.

आणि मग लाल दिवा विझला.

"अवो! लाईन गेली!"

तुळशीराम धावत खोपडीत शिरला, बटण खालीवर केलं. काही नाही. आजूबाजूच्या मळ्यातले पंपही गप्प झाले होते. आता ऊन होतं आणि वीज नव्हती, आणि नुसत्या उन्हानं होत नाही असं तो पोरगा म्हणाला होता. गोजरबाई मटकन बसली. मग सावली पडेल म्हणून लगेच उठली. तिला रडू फुटलं. उभ्यानं रडत, डबा वाजवत, ती त्या विझलेल्या दिव्याकडे पाहत राहिली. देवाला म्हणाली, माझी विहीर ठेव रे बाप्पा. म्हणाली, इतके दिवस माझ्या हातून झालं ते झालं, आज तू नको करू.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. शेजारच्या मळ्यातला पंप फडफडला, आणि खोक्यावरचा दिवा पुन्हा लाल झाला. तुळशीरामानं लोटाभर पाणी आणून तिच्या तोंडाला लावलं. ती प्यायली, आणि लोट्यावर पदर झाकून त्याला परत दिला.

भोंगा झाला, आणि पाठोपाठ जीपगाडी आली. हिंमतराव उतरला, नाकाला रुमाल लावला. माणिकरावानं नळी धुऊन घेतली. त्यानं पहिल्या वाफ्यातलं पाणी घेतलं, मोरचुदाचे थेंब सोडले.

निळं.

त्यानं नळी उन्हाकडे धरली. पुन्हा पाहिली. निळंच होतं. दुसऱ्या वाफ्यातलं घेतलं, तेही निळं. तिसऱ्यातलं घेतलं तेव्हा मात्र हिरवट झाक आली. पिवळं नाही, पण स्वच्छ निळंही नाही.

"आता हे कसं?" हिंमतरावाची भुवई वर गेली. "दोन साफ आन एक नाही? इतके दिवस काहीच नाही आन आजच? माणिकराव, काही हातचलाखी तर नाही ना करून राह्यला बे?"

माणिकराव काय सांगणार? त्यालाच माहीत नव्हतं. त्यानं नळी पुन्हा एकदा हलवून पाहिली. गोजरबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे पाहिलं, आणि पुढे झाली.

"तिसऱ्यावर निंबाची सावली येते, दुपार कलली की. म्हनून तो राह्यला." तिनं हातातला डबा खाली ठेवला. "आन इतके दिवस नाही झालं, कारन मी झाकून ठेवत होती. तुराट्या टाकून, वरून लुगडं. पाखरं मरतीन म्हनून."

माणिकराव बांधावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मावशी," तो म्हणाला, "मी नोकरी सोडून घरी जायला निघालो होतो. माझे पत्रे, माझी भुकटी... सांगायचं नाही का?"

"तुमी कुठी सांगतलं का पानी उघडं ठेवा म्हनून?" ती रडतच कडाडली. "तारेले हात लावू नका म्हनले, नाही लावला! उघडं पानी ठेवा असं सांगावं लागते साहेब. आमच्यात कोनी ठेवत नाही!"

माणिकरावानं मान वर केली, आणि काय झालं कोण जाणे, त्याला हसू आलं. मग डोळे पुसत पुसत हसत राहिला. हिंमतरावही हसला. "चला, म्हंजे जमलं. मोठे वाफे बांधा हौदाखाली. साफ झालं की सोडा नाल्यात."

तुळशीरामानं सुटकेचा श्वास टाकला. गोजरबाईनं मात्र नाही टाकला. बाईचं डोकं कुठं धावत होतं पाहा. साफ झालं नाही तर पाणी नाल्यात, आणि साफ झालं तरी नाल्यातच. तिच्या विहिरीपाशी दोन्ही वाटा येत होत्या. मधे काय, तर कोणीतरी दिवसभर पाहिलं की नाही, एवढंच. आणि पगारी माणूस एखाद्या ढगाळ दिवशी म्हणेल, जाऊ दे, हिरवट तर आहे, खोल दार.

"मालक," ती म्हणाली, "वाफ्याच्या नाल्याकडच्या दाराले कुलूप लावा. आन किल्ली माह्यापाशी द्या."

हिंमतराव म्हणाला, "कारखाना माहा, आन किल्ली तुयापाशी?"

"कारखाना तुमचा, पन इहीर माही. ते पानी मी पेते, तुमी नाही पेत. निळं दिसलं तर खोलीन. नाही दिसलं तर तुमी जीप घेऊन आले तरी खोलनार नाही."

तुळशीरामाच्या तोंडचं पाणी पळालं. हिंमतरावाशी असं कोणी बोलत नसे. हिंमतरावानं रुमाल खिशात घातला, वाफ्यांकडे पाहिलं, उन्हानं काळीठिक्कर पडलेल्या त्या बाईकडे पाहिलं. त्याला अडवलेले ट्रक आठवले असतील. "कुलूप लावलं की दे रे माणिकराव हिले किल्ली," तो म्हणाला. "एवढी भित्री बाई राखनीले बसली तर मलेही झोप लागंन."

मोठे वाफे मिरगाच्या आत बांधून झाले. निंबाच्या दोन फांद्या तोडाव्या लागल्या, त्याची हळहळ गोजरबाईनं वर्षभर केली. पाखरं राखायला तिनं वाफ्यांवर मासे धरायची जुनी जाळी ताणली. ऊन आत, पाखरू बाहेर. हे आधी का नाही सुचलं, म्हणून तिनं स्वतःला दोन शिव्या दिल्या. पुढे कारखाना चालला तोवर ती किल्ली तिच्या कमरेला होती. ढगाळ दिवशी दार उघडलं नाही म्हणजे नाही. हिंमतरावानं दोन-चारदा माणसं पाठवली, आणि ती तशीच परत गेली.

पण मोठ्या वाफ्यांच्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी नळीत निळं दिसलं. माणिकराव म्हणाला, "मावशी, खोला." तिनं पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा निळं. मग कुलूप काढलं, आणि पाणी नाल्यात गेलं, मळ्याच्या कडेनं, विहिरीच्या कडेनं.

सकाळी तिनं विहिरीतून हंडा काढला. रोजच्यासारखा घरात नेला नाही, ओट्यावरच ठेवला. शेजारची बाई घागर घेऊन आली, तिला म्हणाली, आज थांब माय, दुपारून ये. मग गडू भरला, वास घेतला. काही नव्हतं. तोंडाला लावला आणि अर्धा प्यायली. डोळे मिटून उभी राहिली.

तुळशीराम मागून आला होता. त्यानं तिच्या हातातला गडू काढून घेतला.

"अवो, नका! दुपारलोक थांबा, मले काही झालं तं..."

"तं काय? एकटीच चालली का?" तो म्हणाला, आणि उरलेला अर्धा गटागटा पिऊन टाकला.

गोजरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून हंड्यावर ताट झाकलं.